सापाचें नांव आणि कायद्याचें बंधन

श्रावण शुद्ध पंचमी आली कीं आपल्या घरोघरीं पाटावर गंधानें नाग काढून त्यास दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखविण्यांत येतो. त्या दिवशीं चिरूं नये, तळूं नये, जमीन खणूं नये, हे निर्बंध घरांतील वडील बायका अजूनहि मुलीसुनांस सांगत असतात. या सणाचें आणखी एक अंग होतें, तें मात्र आतां दिसेनासें झालें आहे. वेताची टोपली काखेस मारून, पुंगी वाजवीत गारुडी दारीं येई. टोपलीचें झांकण उघडून नागास डोलावी, आणि पसाभर धान्य व एखादें जुनेर पदरांत पाडून घेऊन पुढल्या दाराकडे वळे. तो गारुडी कोठें गेला, असें मुलें विचारतात, तेव्हां "सरकारनें बंदी केली" एवढेंच उत्तर त्यांस मिळतें.

उत्तर खोटें नाहीं. पण तें अपुरें आहे. बंदी कोणत्या सापांची? सर्वांची, कीं विषारी तेवढ्यांची? नाग बाळगणें हा गुन्हा असेल, तर धामण बाळगणें हाहि गुन्हा आहे काय? आणि ज्या लस तयार करणाऱ्या संस्थांस सापाचें विष लागतें, त्यांनीं तें आणावें कोठून? या प्रश्नांचीं उत्तरें शोधूं लागलें म्हणजे एक नवलाची गोष्ट ध्यानांत येते. कायदा साप ओळखतो तो त्याच्या विषावरून नव्हे, फण्यावरूनहि नव्हे. तो ओळखतो कागदावर लिहिलेल्या नांवावरून. तें नांव ठरविण्याचा अधिकार मात्र कायद्याकडे नाहीं. तो प्राणिशास्त्रज्ञांकडे आहे. आणि शास्त्रज्ञ नांवें बदलीत असतात. म्हणून सापांचें वर्गीकरण हा विषय पंडितांच्या वादापुरता आहे असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं पुढील हकीकत अवश्य वाचावी.

नांवाची घडण

शास्त्रीय नांवाची पद्धत आपल्या आडनांवाच्या पद्धतीवरून सहज समजेल. प्रत्येक सजीवाच्या नांवांत दोन शब्द असतात. पहिला शब्द आडनांवासारखा. त्यास प्रजाति म्हणावें. दुसरा शब्द व्यक्तिनामासारखा. तो जातीचा वाचक. अनेक प्रजाति मिळून एक कुल होतें. आपल्याकडे नांव आधीं व आडनांव मागून येतें, तेथें आडनांव आधीं येतें, इतकाच काय तो फरक.

स्वीडनमधील प्रख्यात शास्त्रज्ञ लिनियस यानें १७५८ सालीं आपल्या नागाची नोंद 'कोल्युबर नाजा' या नांवानें केली. पुढें दहा वर्षांनीं लॉरेंटी यानें 'नाजा' ही स्वतंत्र प्रजाति मानली, आणि नागाचें नांव कालांतरानें 'नाजा नाजा' असें स्थिर झालें. 'नाजा' म्हणजे आपल्याच 'नाग' शब्दाचें लॅटिन रूप होय. घोणसाची कथा याहून मौजेची आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत असलेल्या पॅट्रिक रसेल नांवाच्या स्कॉटिश वैद्यानें १७९६ सालीं हिंदी सर्पांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या सन्मानार्थ पुढल्याच वर्षीं घोणसास 'कोल्युबर रसेलाय' हें नांव मिळालें. मग 'कोल्युबर' जाऊन 'व्हायपेरा' आलें. आणि आज 'व्हायपेरा'हि जाऊन 'दाबोइया' हें नांव रूढ आहे. 'दबोया' हा मूळचा हिंदी शब्द. दबा धरून बसणारा, असा त्याचा भाव.

म्हणजे साप तोच, विष तेंच, पण आडनांव दोनदां बदललें. एखादा मुलगा दत्तक गेला म्हणजे त्याचें आडनांव बदलतें, तसाच हा प्रकार. दुसराहि एक प्रकार घडतो. आजवर एकत्र नांदत असलेलें कुटुंब विभक्त व्हावें, त्याप्रमाणें आजवर एक समजलेल्या जातीच्या दोन, चार, किंवा दहा जाति असल्याचें संशोधनानें ठरतें. आतां ज्या दस्तऐवजांत जुनें नांव लिहून ठेविलें आहे, त्याचा अर्थ कसा लावावयाचा? दत्तक गेलेल्यास तो लागू राहतो कीं नाहीं? विभक्त झालेल्या प्रत्येक भावास तो बांधतो कीं वडील भावासच तेवढा? वारसाच्या दाव्यांत उभे राहणारे हे प्रश्न सापांच्या कायद्यांतहि तसेच उभे राहतात.

जुन्या यादीच्या चमत्कारिक गोष्टी

आपल्या देशांत वन्य प्राण्यांचें रक्षण करणारा मुख्य कायदा १९७२ सालचा. या कायद्यास अनुसूची, म्हणजे याद्या जोडलेल्या आहेत. आणि कोणता प्राणी कोणत्या यादींत आहे यावरून त्याच्या रक्षणाची कडक किंवा सौम्य मात्रा ठरते. २०२२ सालीं या कायद्यांत मोठी दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आली. तोंपर्यंत चालू असलेली जुनी यादी वाचून पाहणें फार बोधप्रद आहे.

त्या यादींत पहिल्या अनुसूचींत, म्हणजे सर्वांत मानाच्या जागीं, अजगर होता, आणि पक्ष्यांचीं अंडीं खाऊन राहणारा एक दुर्मिळ साप होता. हा अंडीखाऊ साप मनुष्यास मुळींच घातक नाहीं. अलीकडच्या काळांत तो आपल्या विदर्भांत आढळल्यामुळें अभ्यासकांस मोठा आनंद झाला होता. दुसऱ्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागांत नाग, नागराज व घोणस हे जहाल विषाचे साप होते. आणि त्यांच्याच पंक्तीस निरुपद्रवी धामण व पाणदिवड बसविलेलीं होतीं. मण्यार आणि फुरसें हीं मात्र चौथ्या अनुसूचींत, म्हणजे सौम्य रक्षणाच्या वर्गांत पडलीं होतीं.

याचा परिणाम काय झाला तो पाहा. पहिल्या अनुसूचींतील किंवा दुसरीच्या दुसऱ्या भागांतील प्राण्याची शिकार करणारास, म्हणजे त्यास मारणारास किंवा पकडणारास, तीन ते सात वर्षांची कैद सांगितलेली होती. चौथ्या अनुसूचींतील प्राण्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद किंवा नुसता दंड यांवरहि काम भागत असे. म्हणजे शेतकऱ्याच्या उंदीर खाणारी गरीब धामण पोत्यांत घालणें हा भारी गुन्हा, आणि झोंपेंत दंश करून सकाळपर्यंत माणसाचा प्राण घेणारी मण्यार बरणींत ठेवणें हा हलका गुन्हा. वरवर पाहतां हें विपरीत वाटतें. परंतु कायदा कोणाच्या रक्षणासाठीं आहे हें लक्षांत घेतलें म्हणजे उलगडा होतो. तो माणसाचें सापापासून रक्षण करीत नाहीं. तो सापाचें माणसापासून रक्षण करतो. धामणीच्या कातड्याचा एके काळीं परदेशांशीं मोठा व्यापार चाले. म्हणून ती वरच्या यादींत गेली. मण्यारीच्या कातड्यास तशी मागणी नव्हती. यादी विषाची नव्हती; ती धोक्याची होती, आणि तो धोकाहि सापास असलेला.

चौथ्या अनुसूचींत आणखी एक गंमत होती. तेथें सापांचीं नांवें जातिवार न देतां कुलवार दिलेलीं होतीं, आणि तीं कुलें फार जुन्या ग्रंथांवरून उतरून घेतलेलीं दिसत. बारीक दोऱ्यासारख्या आंधळ्या सापांचें एक कुल आहे. त्यास पूर्वीं 'ग्लॉकोनिडी' म्हणत, पुढें 'लेप्टोटायफ्लोपिडी' म्हणूं लागले. यादींत हीं दोन्ही नांवें दोन निरनिराळीं कुलें म्हणून नांदत होतीं! एकाच गृहस्थाचें नांव मतदारांच्या यादींत दोनदां यावें, तसा हा प्रकार. समुद्रसर्पांचेंहि वेगळें कुल तेथें दिलेलें होतें. आजच्या शास्त्राप्रमाणें ते नाग-मण्यारीच्याच कुलांत मोडतात. घोणस तर शेवटपर्यंत 'व्हायपेरा' या टाकून दिलेल्या आडनांवानेंच नोंदलेला होता. सुदैवानें त्याचें इंग्रजी बोलीभाषेंतील नांवहि शेजारीं छापलेलें असल्यामुळें कोणाविषयीं बोलणें चाललें आहे याबद्दल संशयास जागा नव्हती.

एक नाग कीं अनेक?

खरी कसोटी लागली ती नागाच्या बाबतींत. विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत बहुतेक ग्रंथांतून आशियांतील सारे नाग 'नाजा नाजा' या एकाच जातींत गणले जात, आणि प्रदेशपरत्वें त्यांच्या उपजाति मानीत. आपल्या महाराष्ट्रांत दिसणारा, फण्यावर दहाचा आंकडा मिरविणारा नाग, बंगाल-आसामांतला, फण्यावर एकच वर्तुळ असलेला नाग, वायव्येकडचा, चिन्ह नसलेला नाग, अंदमानांतला नाग, हे सर्व एकाच घरचे. पुढें १९९० च्या सुमारास वुल्फगांग व्यूस्टर व त्यांचे सहकारी यांनीं हजारों खवले मोजून, नमुने ताडून पाहून असें दाखविलें कीं हे एका घरचे नसून स्वतंत्र संसार थाटलेले भाऊबंद आहेत. आज आशियांतील नागांच्या दहाहून अधिक जाति मान्य झालेल्या आहेत, आणि त्यांपैकीं चार भारतांत सांपडतात.

आतां समजा, आपल्या कायद्यांत नुसतें 'नाजा नाजा' एवढेंच लिहिलें असतें, तर बंगालचा नाग पकडून विकणारा मनुष्य न्यायासनासमोर उभा राहून म्हणाला असता, "महाराज, आपण ज्याला मज्जाव केला तो नाग हा नव्हे, शास्त्रज्ञांनींच तसें ठरविलें आहे." परंतु कायदा लिहिणारांनीं तेथें शब्द योजले होते ते असे कीं, 'नाजा' या प्रजातींतील सर्व उपजाति. शास्त्राच्या दृष्टीनें ही शब्दयोजना आज जुनी झाली. कारण त्या उपजाति आतां जाति ठरल्या. पण आडनांवावर मदार ठेवल्यामुळें घर विभक्त झालें तरी सर्व भाऊ यादींतच राहिले.

मग सर्वत्र आडनांवच लिहावें, म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. तर त्याचें उत्तर अजगरापाशीं आहे. जुन्या पहिल्या अनुसूचींत अजगरासाठीं 'पायथन ही प्रजाति' असे शब्द होते. निकोबार बेटांत जाळीदार नक्षीचा एक प्रचंड अजगर सांपडतो. त्याचें नांव 'पायथन रेटिक्युलेटस' असें होतें. पुढें आनुवंशिक तपासणीवरून शास्त्रज्ञांनीं त्यास 'पायथन'मधून काढून 'मलायोपायथन' या वेगळ्या प्रजातींत घातलें. म्हणजे हा दत्तक गेला! अक्षरशः वाचूं जातां तो पहिल्या अनुसूचीबाहेर पडला. तात्पर्य, व्यक्तिनाम लिहावें तर घर विभक्त होण्याचें भय, आणि आडनांव लिहावें तर दत्तकाचें भय. दोहोंपैकीं एकहि पद्धत निर्दोष नाहीं. यावर उपाय एकच: शास्त्रांत जो बदल होईल त्याप्रमाणें यादी वेळोवेळीं दुरुस्त करणें. आपल्या कायद्याच्या ६१ व्या कलमानें हा अधिकार केंद्र सरकारास दिलेला आहे. त्यासाठीं दर वेळीं संसदेपुढें जाण्याचें कारण नाहीं.

असाच प्रश्न अगदीं अलीकडे नागराजाविषयीं उत्पन्न झाला आहे. जगांतील या सर्वांत लांब विषारी सापाचें 'ऑफिओफेगस हॅना' हें एकच नांव अनेक वर्षें चालत आलें. २०२४ सालीं संशोधकांनीं त्याच्या चार जाति असल्याचें प्रसिद्ध केलें. त्यांतील आपल्या सह्याद्रीच्या रानांत राहणाऱ्या जातीस 'ऑफिओफेगस कालिंगा' असें नांव दिलें. कर्नाटकांतील लोक नागराजास 'काळिंग' म्हणतात, त्यावरून तें घेतलें. गोव्याच्या व दक्षिण कोंकणाच्या अरण्यांत जो नागराज अधूनमधून दृष्टीस पडतो तो याच जातीचा. 'हॅना' हें नांव आतां उत्तरेकडील व पूर्वेकडील नागराजाकडे राहिलें.

मग सह्याद्रींतला नागराज कायद्याच्या छत्राखालून निसटला काय? तसें समजण्याचें कारण नाहीं. यादी तयार झाली त्या वेळीं 'हॅना' या शब्दानें जेवढे नागराज समजले जात, तेवढे सर्व त्यांत अभिप्रेत होते, हा त्या शब्दाचा सरळ अर्थ. शास्त्रज्ञांनीं मागाहून नांव वांटून घेतलें, म्हणून आधीं दिलेलें संरक्षण वांटलें जात नाहीं. वन्य प्राण्यांच्या परदेशी व्यापारावर देखरेख ठेवणारा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, तोहि कोणता नामग्रंथ प्रमाण मानावयाचा हें परिषदेंत ठराव करून ठरवितो, व नवें नांव प्रसिद्ध झालें म्हणून आपली यादी आपोआप बदलूं देत नाहीं. असें असलें तरी वकिली चातुर्यास वाव ठेवण्यापेक्षां यादींत चारहि नांवें स्पष्ट लिहून टाकणें हें केव्हांहि शहाणपणाचें.

विषावरून केलेला कायदा

आपला कायदा प्राण्याच्या रक्षणासाठीं. पण केवळ माणसाच्या रक्षणासाठीं केलेलेहि कायदे अन्यत्र आहेत. इंग्लंडांत १९७६ सालीं घातक वन्य प्राण्यांसंबंधीं एक कायदा झाला. तेथें विषारी साप घरीं पाळण्यास सरसकट बंदी नाहीं. मात्र स्थानिक मंडळाचा परवाना काढावा लागतो, विमा उतरावा लागतो, आणि पशुवैद्याकडून जागेची तपासणी होते. हा परवाना कोणत्या सापास लागतो? तर तेथेंहि पुनः नांवांची यादी आलीच. नाग-मण्यारीचें संपूर्ण कुल व घोणस-फुरशाचें संपूर्ण कुल त्या यादींत आहे. अडचण येते ती 'कोल्युब्रिडी' या तिसऱ्या कुलाविषयीं. हें कुल फार मोठें; त्यांतले बहुसंख्य साप निरुपद्रवी. परंतु कांहींच्या जबड्याच्या मागील भागांत विषाचे दांत असतात, आणि त्यांतले थोडे प्राणघातक निघाले.

ही गोष्ट शास्त्रज्ञांस फार मोठी किंमत देऊन कळली. १९५७ सालच्या सप्टेंबरांत शिकागो येथील एका प्राणिसंग्रहालयानें आफ्रिकेंतून आलेला एक लहान साप ओळख पटविण्यासाठीं कार्ल श्मिट या नामांकित सर्पशास्त्रज्ञाकडे पाठविला. तो 'बूमस्लँग' जातीचा होता. एवढ्याशा सापाच्या दंशानें मोठा अपाय व्हावयाचा नाहीं अशा समजुतीनें श्मिट यांनीं उपचार न घेतां आपल्या शरीरांत उठणाऱ्या लक्षणांची टिपणें लिहून ठेविलीं, आणि दुसऱ्याच दिवशीं ते मरण पावले. १९७५ सालीं जर्मनींतील रॉबर्ट मेर्टेन्स या थोर सर्पशास्त्रज्ञाचा अंत स्वतः पाळलेल्या अशाच एका मागील दांतांच्या सापाच्या दंशानें झाला. ज्यांनीं आयुष्यभर सापांचीं नांवें ठरविलीं, त्यांनाहि 'निरुपद्रवी कुल' या कल्पनेनें दगा दिला.

म्हणून १९८४ सालच्या आदेशानें इंग्लंडच्या यादींत या तिसऱ्या कुलांतील घातक साप एकेक नांव घेऊन घालण्यांत आले. जमिनींत बिळें करून राहणारे आफ्रिकेंतील कांहीं विषारी साप पूर्वीं घोणसांच्या कुलांत मोडत. शास्त्रज्ञांनीं त्यांस तेथून बाहेर काढल्यामुळें त्यांचेंहि नांव स्वतंत्र लिहावें लागलें. पुढें २००७ सालीं खाजणांत राहणारा पिवळ्या पट्ट्यांचा साप व वाळवंटांतील कांहीं साप त्या यादींतून वगळले गेले. यांपैकीं पहिला आपल्या मांजऱ्या सापाचाच चुलतभाऊ. म्हणजे एके दिवशीं परवान्यावांचून जो साप बाळगणें गुन्हा होता, तोच साप दुसऱ्या दिवशीं बिनपरवाना बाळगण्यास मोकळीक झाली. साप बदलला नव्हता. बदलली होती यादी.

नवी यादी आणि तिचे परिणाम

आतां आपल्याकडील चालू स्थिति. २०२३ पासून प्राण्यांच्या दोनच अनुसूची राहिल्या. तिसरी वनस्पतींची, आणि चौथी आंतरराष्ट्रीय कराराखालील जीवांची. नाग, नागराज व घोणस आतां पहिल्या अनुसूचींत आहेत, आणि धामणहि तेथेंच आहे. उरलेले बहुतेक साप दुसऱ्या अनुसूचींत आले. परदेशांतून आणलेले जे अजगर वगैरे साप चौथ्या अनुसूचींत येतात, ते बाळगणारास २०२४ च्या नियमांप्रमाणें सरकारदरबारीं नोंद करावी लागते. सामान्य गृहस्थानें ध्यानांत ठेवावें असें यांतून निघतें तें इतकेंच कीं, आपल्या रानांतला कोणताहि साप, विषारी असो वा बिनविषारी, पकडणें, बाळगणें किंवा विकणें कायद्यास मंजूर नाहीं. "हा कवड्या आहे, मण्यार नव्हे" असें सिद्ध केल्यानें मनुष्य दंशाच्या भयांतून सुटेल. गुन्ह्यांतून सुटणार नाहीं.

ही कडक व्यवस्था अनाठायीं नाहीं, याची साक्ष केरळांतील एका खटल्यानें दिली. २०२० सालीं कोल्लम जिल्ह्यांत एका पतीनें साप पकडणाऱ्या इसमाकडून आधीं घोणस व नंतर नाग विकत घेऊन, झोंपलेल्या पत्नीवर सोडून तिचा खून केला. तपासांत पुरलेला नाग उकरून काढून त्याचीहि शवचिकित्सा करण्यांत आली, आणि २०२१ सालीं आरोपीस जन्मठेपेची शिक्षा झाली. विषारी साप चोरून विकत मिळूं शकतो, याचा अर्थ कोठपर्यंत जातो हें त्यावरून दिसून आलें.

परंतु नाग व घोणस पहिल्या अनुसूचींत गेल्यानें आणखी एक परिणाम झाला, तो फारसा कोणाच्या लक्षांत आलेला नाहीं. शिक्षण, संशोधन किंवा औषधासाठीं विष काढणें, अशा विशेष कारणांसाठीं प्राणी पकडण्याचा परवाना कायद्याच्या १२ व्या कलमाखालीं मिळतो. साप दुसऱ्या अनुसूचींतला असेल तर राज्य सरकारची संमति पुरते. पहिल्या अनुसूचींतला असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. सांगली जिल्ह्यांतील बत्तीस शिराळें येथें नागपंचमीस जिवंत नाग पकडून त्यांची पूजा करण्याची प्रथा फार जुनी. उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळें ती बंद पडली होती. २०२५ सालीं तेथील कांहीं ठरावीक लोकांस शिक्षणाच्या हेतूपुरती मर्यादित परवानगी मिळाली, तिच्यासाठीं दिल्लीपर्यंत जावें लागलें त्याचें कारण हेंच.

आणि आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सर्पदंशावरील लस सापाच्या विषापासूनच होते. विषाची अल्प मात्रा घोड्यास टोंचून, त्याच्या रक्तांत उत्पन्न होणारीं प्रतिद्रव्यें वेगळीं काढावीं लागतात. हें विष आज मुख्यत्वें तामिळनाडूंतील इरुळ जमातीच्या सहकारी संस्थेकडून येतें. कातड्यांच्या व्यापारावर बंदी आल्यानें ज्यांची उपजीविका बुडाली, त्या इरुळ लोकांनीं १९७८ सालीं ही संस्था काढली. चेन्नईजवळ वडनेम्मेली येथें परवान्यानें पकडलेले साप कांहीं आठवडे मडक्यांत ठेवून, त्यांचें विष काढून घेऊन त्यांस पुनः रानांत सोडण्यांत येतें. हे साप चारच प्रकारचे: नाग, मण्यार, घोणस व फुरसें. देशांतील लस या चौघांच्या विषावर उतारा म्हणून बनते.

पण नाग एक नसून चार आहेत, हें आपण वर पाहिलें. दक्षिणेकडील नागाच्या विषापासून केलेली लस बंगाल-आसामांतील एकवर्तुळी नागाच्या विषावर तितकी गुणकारी होत नाहीं, असें २०१९ सालीं व त्यानंतर झालेल्या प्रयोगांतून दिसून आलें. दक्षिण सह्याद्रींतील नाकावर उंचवटा असलेल्या चापड्याच्या दंशावर तर तिचा उपयोग होत नाहीं असा वैद्यांचा अनुभव आहे. ज्या सापाचें नांव परवान्यांत नाहीं, तो साप पकडतां येत नाहीं. पकडतां आला नाहीं तर त्याचें विष मिळत नाहीं. आणि विष नाहीं तेथें लस नाहीं. एका मोठ्या पाहणीप्रमाणें २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें दरसाल सरासरी ५८,००० माणसें दगावलीं. त्यांतील बहुतेक खेड्यांतलीं, शेतांत राबणारीं. २०२४ च्या मार्चांत सरकारनें सर्पदंशाविषयीं राष्ट्रीय योजना जाहीर करून, २०३० पर्यंत हे मृत्यु निम्म्यावर आणण्याचा संकल्प केला आहे. तो सिद्धीस न्यावयाचा तर प्रदेशवार विष गोळा करण्याची सोय झाली पाहिजे. आणि त्यासाठीं कोणत्या प्रदेशांत कोणती जाति आहे हें शास्त्रज्ञांनीं नेमकें सांगितलें पाहिजे, व परवाना देणारांनीं तें वेळेवर ऐकलें पाहिजे.

खवले मोजणारा अभ्यासक, यादी लिहिणारा अधिकारी, आणि मडक्यांतल्या नागाचें विष काढणारा इरुळ, या तिघांचीं कामें एकमेकांपासून दूर भासतात. पण तीं एकाच सांखळीचे दुवे आहेत. कायद्यानें सामान्य माणसास साप बाळगूं देऊं नये हें योग्यच; परंतु ज्यांनीं तो बाळगल्यानें दुसऱ्यांचे प्राण वांचतात, त्यांची वाट जुन्या नांवांच्या घोळांत अडकूं नये, हेंहि तितकेंच योग्य.

आपल्या घरापुरतें कर्तव्य मात्र साधें आहे. अंगणांत किंवा परसांत साप निघाला तर त्यास मारूं नये, स्वतः पकडूं नये, व मुलांस जवळ जाऊं देऊं नये. महाराष्ट्रांत वनखात्याच्या १९२६ या दूरध्वनि क्रमांकावर वर्दी द्यावी. कोणास दंश झालाच, तर सापाचा पाठलाग करण्यांत वेळ न दवडतां रोग्यास धीर देऊन, दंश झालेला अवयव हलूं न देतां तडक इस्पितळांत न्यावें. आपल्याकडील लस चारहि मुख्य विषांवर एकत्र बनविलेली असल्यामुळें साप बरोबर नेण्याची गरज नसते. आणि पुढच्या नागपंचमीस मुलांनीं गारुड्याची चौकशी केली, तर नुसती "बंदी झाली" असें न सांगतां पाटावरचा नाग दाखवून त्यांस समजावून द्यावें कीं, रानांतला नाग आतां रानांतच असतो, आणि त्याचें तेथें असणें कायद्यानें राखलें आहे.